हेल्मेट घालतोच, पण...

सायकलवाल्यांनी आधी हेल्मेट घालावं, मग हक्क मागावेत, असं काही जण म्हणतात. मी घालतो हो. पण गेल्या महिन्यात पुण्यात कर्वे रोडला उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं आणि मी हँडलवरून थेट रस्त्यावर. कोपर अजून दुखतंय. तिथे हेल्मेटने डोकं वाचवलं, पण दार काही थांबवलं नाही.

त्यापेक्षा हे शिकवा: ड्रायव्हरने गाडीचं दार डाव्या हाताने उघडायचं. आपोआप खांदा वळतो आणि मागून येणारा दिसतो. फुकटातला उपाय.

दुसरं म्हणजे ट्रॅक. कात्रज-स्वारगेट बीआरटीसोबत (बससाठी राखीव मार्ग) 2006 च्या सुमारास सायकल ट्रॅक झाले. आज त्यावर काय काय चालतं ते जाऊन बघा. दुचाक्या, टपऱ्या, मध्येच एखादा विजेचा डीपी बॉक्स. सायकलसाठी राखलेल्या मार्गावर गाडी घालणं नियमाबाहेर आहे, नवा कायदा नकोच. मोहीम काढायचीच तर सह्यांची नको. रविवारी सकाळी दहा जण एकच पट्टा चालून जाऊ, प्रत्येक अडथळ्याचा फोटो काढू आणि थेट वॉर्ड ऑफिसला देऊ. गटारांची जाळीची झाकणंही टिपा, रस्त्याला समांतर फटी असतील तर पातळ टायर अडकतोच.

मी येतो. चहा तुमचा.