नोकिया: आगीतून फुफाट्यात, पण ढकललं कोणी?

सुतावरून:

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे सीईओ स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर एक कामगार झोपलाय, रात्री स्फोटाने जाग येते, चहूकडे ज्वाळा. जगायचं तर खाली बर्फगार पाण्यात उडी. आपलाही फलाट पेटलाय, असं साहेबांचं म्हणणं. पत्र लगेच बाहेर फुटलं. ११ फेब्रुवारीला लंडनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बाल्मर यांच्यासोबत त्यांनी जाहीर केलं की यापुढे नोकियाचे स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन प्रणालीवर.

विंडोज निवडणं चूक की बरोबर, यावर वाद घालू. माझ्या मते घात केला तो तारखेने. पहिला ल्युमिया, म्हणजे नोकियाचा विंडोजवरचा फोन, विक्रीला यायला नोव्हेंबर उजाडला. मधले नऊ महिने दुकानात होतं काय? तर सिंबियन, म्हणजे नोकियाची तोवरची फोन-प्रणाली, जी मालकानेच मोडीत काढलेली. विक्रेता तो फोन गिऱ्हाइकापुढे कशाला ठेवेल? २०१० च्या शेवटच्या तिमाहीत नोकियाचे २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन गेले. पुढच्या तिमाहीत २ कोटी ४२ लाख, त्यापुढच्या तिमाहीत १ कोटी ६७ लाख. आणि गंमत म्हणजे त्याच ११ तारखेला कंपनी सांगत होती की सिंबियनचे अजून १५ कोटी फोन विकायचे आहेत! नवं घर उभं राहायच्या आत जुन्याला काडी लावायची, याला नेतृत्व म्हणायचं?

हिशेबनीस:

असहमत. तुमचा धागा २०११ ला सुरू होतो, दुखणं २००७ चं आहे. त्या वर्षी जगातले निम्मे स्मार्टफोन नोकियाचे होते. २०१० संपताना उरला जेमतेम एक तृतीयांश. इलॉप आले सप्टेंबर २०१० मध्ये. त्याआधीची घसरण आधीचे सीईओ ओली-पेक्का कल्लासव्हुओ यांच्या काळातली. ते मूळचे वकील, मग वित्तप्रमुख. म्हणजे माझ्याच बिरादरीतले, तरी सांगतो.

पैशाची कमतरता म्हणाल तर तीही नव्हती. २०१० मध्ये नोकियाने एकट्या फोनच्या संशोधनावर सुमारे ३ अब्ज युरो घातले. ॲपलचा त्या वर्षीचा सगळा संशोधन खर्च पावणेदोन अब्ज डॉलरच्या आसपास. दुपटीहून जास्त खर्चून जर आयफोनला तोड देता येत नसेल, तर कोणीतरी 'आग लागलीय' असं ओरडायलाच हवं होतं. आणि ते २०११ च्या पहिल्या तिमाहीचं म्हणाल तर पडझड वगैरे काही नाही, सणासुदीनंतरची तिमाही दरवर्षी मंदच असते.

सुतावरून:

पहिली मंद असते, मान्य. दुसरी कशामुळे पडली?

कोडकर:

सिंबियनवर काम केलंय म्हणून लिहितो. साधा एक शब्द साठवायचा तर आधी त्याचा प्रकार ठरवा, टीबफ, टीपीटीआर की एचबफसी. मेमरी न मिळाल्याने फसू शकेल अशा प्रत्येक फंक्शनच्या नावाला शेवटी 'एल'. ते कॉल करण्याआधी हातातला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) क्लीनअप स्टॅकवर, म्हणजे साफसफाईच्या यादीत, ठेवायचा, काम झालं की आठवणीने उतरवायचा. विसरलात तर मेमरी गळालीच. हे कोणी मूर्खपणाने केलेलं नव्हतं. सिंबियनचं मूळ सायॉन कंपनीच्या हातात मावणाऱ्या संगणकांमध्ये आहे. चार-आठ मेगाबाइटमध्ये महिनोन्महिने न अडखळता चालायचं, तर अशी कंजुषी लागतेच. त्या काळात ती अव्वल कारागिरी होती.

घोळ पुढे झाला. बटणांसाठी रचलेल्या एस६० वर, म्हणजे सिंबियनच्या पडद्यावरच्या मांडणीवर, २००८ मध्ये ५८०० एक्सप्रेसम्युझिक फोनपासून स्पर्शाचं ठिगळ लावलं. यादीतल्या ओळीवर बोट ठेवलं की ती नुसती निवडली जायची, उघडायला पुन्हा बोट. दुसऱ्या एखाद्या पडद्यावर मात्र एकदाच पुरे. शेजारी आयफोन धरला की सांगावं लागायचं नाही. तेव्हा 'चाललेलं दुकान इलॉपनी बुडवलं' ही मांडणी मला पटत नाही. पण पर्याय नव्हता, हेही खरं नाही. नोकियाचीच दुसरी प्रणाली, मीगो, होती की.

अर्धवटराव:

+१. मीगोवरचा एन९ फोन! पुढे बटणच नाही, कडेवरून बोट सरकवलं की ॲप बाजूला, काच दोनदा टिचकवली की फोन जागा. आज ज्याला आपण साधी सवय समजतो ते २०११ मध्ये. आणि इलॉपनी केलं काय? अमेरिका, ब्रिटन, जर्मनी अशा मोठ्या बाजारांत तो आणलाच नाही, वर फिनलंडच्या वृत्तपत्राला सांगून मोकळे की एन९ गाजला तरी मीगोकडे परत फिरणे नाही. घरचं लेकरू बाळसं धरतंय आणि बाप बारशालाच सांगतोय, याच्यावर खर्च करणार नाही.

कोडकर:

भावना पोचल्या, पण त्या लेकराची पत्रिकाही बघा. आधी माएमो, नोकियाच्या एन९०० फोनमधलं. मग फेब्रुवारी २०१० मध्ये इंटेलच्या मोब्लिन प्रणालीशी लग्न लावून मीगो. त्यात ॲप बसवायच्या पॅकेजचा साचा डेबवरून आरपीएमवर. इंटरफेसचं टूलकिट जीटीकेवरून क्यूटीवर, कारण क्यूटीवाली ट्रोलटेक २००८ मध्ये विकत घेतलेली. दर दीड वर्षाने पाया उकरायचा म्हटल्यावर भिंत कधी चढणार? एन९ वर तरी आतून माएमोचीच हार्मटन ही आवृत्ती होती, पाटी तेवढी मीगोची. मागोमाग दहा मॉडेलं काढायला लागणारी तयारी त्या गटाकडे नव्हती. (हे सगळे निर्णय इलॉपच्या आधीचे, हेही नोंदवतो.)

टिचकी:

सरळ बोला ना. माणूस मायक्रोसॉफ्टमधून आला, नोकिया मायक्रोसॉफ्टला बांधली, सप्टेंबर २०१३ मध्ये फोनचा धंदा आणि पेटंटचे परवाने मिळून ५.४४ अब्ज युरोंना मायक्रोसॉफ्टला विकले आणि स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये परत. जाताना सुमारे १ कोटी ८८ लाख युरो. यात शोधायचं काय उरलं?

हिशेबनीस:

शोधायचं हे, की ट्रॉयचा लाकडी घोडा आत सोडणाऱ्याने शहर लुटलं असेल तर लूट कुठे आहे? मायक्रोसॉफ्टने जुलै २०१५ मध्ये याच व्यवहारापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत दाखवले. म्हणजे मोजले जवळपास तेवढे सगळेच. उलट नोकिया त्या पैशावर सावरली, नेटवर्कच्या धंद्यात टिकली, पुढे अल्काटेल-ल्युसेंट घेतली.

शिवाय इलॉप भिंतीवरून उडी मारून आले नव्हते. संचालक मंडळाने नेमलं, अध्यक्षस्थानी योर्मा ओल्लिला, म्हणजे ज्यांनी १९९२ पासून कंपनी मोठी केली तेच. विंडोजचा करारही मंडळाच्या संमतीने. पण शिव्या खायला परका माणूस बरा पडतो.

अर्धवटराव:

मग अँड्रॉइड का नाही? नोकियाचे तेव्हाचे बडे अधिकारी आन्सी वान्योकी म्हणाले होते की अँड्रॉइड घेणं म्हणजे हिवाळ्यात ऊब मिळावी म्हणून चड्डीत मुतणं. बरं, मग विंडोज घेणं म्हणजे काय?

हिशेबनीस:

दुसऱ्याची चड्डी. 😄 पण गंभीरपणे, अँड्रॉइड घेतलेल्यांची यादी बघा. एचटीसी कुठे आहे? मोटोरोला आधी गूगलने घेतली, मग लेनोव्होने. एलजीने २०२१ मध्ये फोनच बंद केले. पैसा मिळवला तो मुख्यतः सॅमसंगने, ज्यांचे पडदे आणि चिप घरचे.

सुतावरून:

ही यादी नोकियाला लागू पडेलच असं नाही. कॅमेरा, नकाशे, वितरणाचं जाळं, एवढं एचटीसीकडे कुठे होतं? पण माझा मूळ मुद्दा तुम्ही सगळे बगल देऊन जाताय. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेत ल्युमिया ९०० गाजावाजा करून उतरवला. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ जाहीर केला आणि सांगितलं की जुन्या फोनना तो मिळणार नाही. खाली विंडोज सीईचा गाभा होता, आता विंडोज एनटीचा, हे तांत्रिक कारण समजतं. पण दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या माणसाला ७.८ नावाच्या छोट्या सुधारणेचं गाजर? म्हणजे दीड वर्षात दोनदा, चालू माल दुकानात असताना तो बाद झाल्याची दवंडी. पहिल्यांदा स्वतः पिटली, दुसऱ्यांदा भागीदाराने.

कोडकर:

दुसऱ्या दवंडीबाबत शंभर टक्के सहमत. दुसऱ्याच्या गाभ्यावर घर बांधलं की पाया कधी उकरायचा ते तो ठरवतो. पहिलीबद्दल मात्र विचारतो, दुसरं काय करणार होते? शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, हजारो इंजिनियर एका प्रणालीवरून हलवायचे, एवढा करार नऊ महिने खिशात ठेवता येतो का?

सुतावरून:

करार नाही ठेवता येत. पेटलेल्या फलाटाची गोष्ट ठेवता आली असती. 'सिंबियनचे फोन आणखी अमुक वर्षं सांभाळू' हे आधी आणि ठळक सांगायचं, पत्र नंतर लिहायचं किंवा लिहायचंच नाही. दुसऱ्या तिमाहीचा सगळा खड्डा त्या पत्राने पाडला असं म्हणत नाही, हिशेबनीसांचा २००७ चा मुद्दा मी घेतला. पण खड्ड्यात उतरायला शिडी होती, तीही जाळली.

टिचकी:

अवांतर: फेब्रुवारी २०१४ मध्ये, विक्री पुरी व्हायला दोन महिने असताना, नोकियाने बार्सिलोनात नोकिया एक्स दाखवला. आत अँड्रॉइड, बाहेरून ल्युमियासारख्या चौकटी, आणि गूगलचं प्ले स्टोअर गायब. मायक्रोसॉफ्टने जुलैमध्ये तोही गुंडाळला. हा कोणाच्या डोक्यातून निघाला होता, ते हिशेबनीस सांगतील काय?

हिशेबनीस:

त्याची वकिली मी घेतलेली नाही.