संपवलेला गेम परत खेळताना पहिल्यासारखी मजा येते का? माझं मत: नाही

पार्कचौकवाला:
मे महिना, बाहेर ४३ डिग्री, दुपारी एक ते पाच घराबाहेर पाय टाकायची सोय नाही, म्हणून म्हणलं यंदा सुट्टीत रेड डेड रिडेम्प्शन २ परत पहिल्यापासून खेळू. पहिल्यांदा खेळलो तेव्हा रात्रीचे तीन कधी वाजायचे कळायचं नाही, आई पाणी प्यायला उठली की म्हणायची अजून जागाच का रे, आणि शेवट झाल्यावर दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नव्हतो (हसू नका). आणि आता? पहिला चॅप्टर, तो बर्फातला, त्यातच चार दिवस गेले. घोडा हळू, माणसं हळू, बर्फ तर संपतच नाही. आता तुम्ही म्हणाल पहिल्यांदापण हळूच होता की. होता, पण तेव्हा प्रत्येक टेकडीच्या पलीकडं काय असेल काय असेल असं व्हायचं, आता टेकडीच्या पलीकडं काय आहे ते मला पाठ आहे, सात रस्त्यावरून पार्क चौकात यायला जसा रस्ता बघावा लागत नाही तसं.

तर माझं म्हणणं सरळ आहे. गेमची मजा म्हणजे माहीत नसणं. ते एकदा गेलं की गेलं. परत खेळणं म्हणजे शिळी भाकरी, पोट भरतं पण चव नाही. पटत नसेल तर बोला.

कडकभाकरी:
मालक, सोलापुरात राहून शिळ्या भाकरीला नावं ठेवता? आपल्याकडची कडक भाकरी महिना महिना टिकते आणि दह्यात कुस्करून वर शेंगाची चटणी टाकली की ताजीला मागं टाकते. उदाहरण बदला, मग पुढचं बोलू.

नवीपेठ_कॅफे:
मुळात "पहिल्यांदा" म्हणजे काय हेच आमच्या वेळच्या पोरांना विचारा. २००५-०६ ची गोष्ट. क्लासला जातो सांगून नवी पेठेतल्या एका कॅफेत जायचो, तासाला १५ रुपये, कूलर फक्त मालकाच्या तोंडावर. सहा पीसी आणि सगळ्यांवर जीटीए व्हाइस सिटी. आता व्हाइस सिटीत सेव्हचे स्लॉट, म्हणजे खेळ जिथवर आलाय ते साठवायच्या जागा, आठ, आणि त्या एका पीसीवर खेळणारी पोरं पन्नास. म्हणजे आज तुम्ही हॉटेलपाशी जाऊन सेव्ह करून घरी गेलात की उद्या येईपर्यंत त्याच्यावर कुणीतरी स्वतःचं सेव्ह मारून गेलेलं असायचं. मी स्लॉटचा नंबर हातावर पेनने लिहून न्यायचो, उपयोग शून्य. त्यातल्या हिरोला, टॉमी व्हर्सेटीला घेऊन त्या सुरुवातीच्या चार-पाच मिशन मी किमान तीस वेळा केल्या असतील. पूल ओलांडून पलीकडच्या बेटावर जायला तर मला दोन वर्षं लागली, तेही चुलतभावाच्या घरी. आणि खरं सांगू, त्या तीस वेळांपैकी एकदाही कंटाळा आला नाही. लाल गाडी, रेडिओवर गाणं, बीचच्या कडेचा रस्ता, बास. मिशन करायचीच असं काही नव्हतं बे, पॅन्झर हा चीट कोड टाइप करून रणगाडा मागवायचा आणि फिरायचं. त्यामुळं माहीत नसणं म्हणजेच मजा हे मला नाही पटत.

पार्कचौकवाला:
@नवीपेठ_कॅफे भावा तू माझीच बाजू मांडलास बघ. तुझा पूल बंदच होता ना? पलीकडं काहीतरी आहे आणि आपण बघितलेलं नाही, ही ओढ होती म्हणून तू तीस वेळा गेलास. पूल उघडल्यावर, सगळं झाल्यावर, किती वेळा पहिल्यापासून खेळलास सांग बरं. आणि १५ रुपयांत एक तास मिळाला की माणूस काहीही एन्जॉय करतो, तो भाग वेगळाच.

नवीपेठ_कॅफे:
…संपवल्यावर एकदाच. तेपण अर्धवट. पण तोपर्यंत बारावी आली होती!

आयजीआयचा_जोन्स:
हा हा, बारावीवर ढकललं. असो. माझा अनुभव पूर्ण उलटा आहे. प्रोजेक्ट आयजीआय ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये, १४ मिशन आणि मिशन चालू असताना सेव्ह नावाचा प्रकारच नाही. एका मिशनला अर्धा-पाऊण तास सरपटत जायचं, एकेक टॉवरवरचा माणूस टिपायचा, आणि शेवटच्या दारापाशी मागून गोळी. परत पहिल्यापासून. त्यात आपल्याकडचं तेव्हाचं भारनियमन, यूपीएस कुणाकडं होता, सहा वाजता लाइट जाणार म्हणून पावणेसहाला घाईघाईत पळायचो आणि मरायचो. एवढं होऊनपण मी तो गेम दरवर्षी एकदा काढतो. का, तर आता मला कुठल्या कुंपणाला भोक आहे, कुठला कॅमेरा आधी बंद करायचा, अलार्म वाजला तर कुठल्या खोलीत लपायचं हे सगळं माहितीये आणि ते माहीत असल्यामुळंच मजा येते. पहिल्यांदा मी चोरासारखा घाबरत जायचो, आता घरमालकासारखा जातो. घाबरण्यात काय मजा होती मला आठवत नाही, हाताला घाम यायचा तेवढं आठवतं.

जुळेसोलापूर२१:
दोघंपण वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलूलालेत. एक गोष्टीचा गेम आणि एक हाताचा गेम. डार्क सोल्स घ्या. संपला की न्यू गेम प्लस, म्हणजे तोच गेम परत पहिल्यापासून, शत्रू जास्त तगडे आणि तुमची हत्यारं तुमच्यापाशीच. पहिल्यांदा एका बॉसला मला नऊ दिवस लागले होते, दुसऱ्यांदा त्याला तिसऱ्या प्रयत्नात पाडला आणि खुर्चीतून उठून नाचलो. हे सुख पहिल्यांदा मिळूच शकत नाही, कारण आपण किती पुढं आलो हे मोजायला आधीची मार खाल्लेली आठवण लागते. सुपर मारिओ जगभरची माणसं १९८५ पासून खेळतायत, अख्खा गेम पाच मिनिटांच्या आत संपवतात आणि त्यातला पाव सेकंद कमी करायला वर्षं घालवतात, त्यांना काय राजकन्या कुठल्या किल्ल्यात आहे हे माहीत नाही का?

पार्कचौकवाला:
@जुळेसोलापूर२१ हाताच्या गेमचं मान्य. ते क्रिकेटसारखं झालं, रोज नवीन. पण गोष्टीच्या गेमचं बोला. रेड डेडच्या हिरोचं, आर्थर मॉर्गनचं काय होणार हे माहीत असताना पन्नास-साठ तास परत कशाला घालवायचे?

खोकला_ऐकू_आला:
इथं मी बोलणार. पुढं स्पॉयलर आहे, ज्यांनी खेळला नाही त्यांनी हा प्रतिसाद सोडा.

आर्थरला टीबी होतो. तो कुठून होतो? दुसऱ्या चॅप्टरमध्ये उधारी वसूल करायला तो डाउन्स नावाच्या शेतकऱ्याकडं जातो, त्याला त्याच्याच दारात बडवतो, आणि तो माणूस त्याच्या तोंडावर खोकतो. पहिल्यांदा खेळताना मी त्या मिशनला जांभई देत होतो, म्हणलं वसुलीचं काम आहे, उरकून टाकू, शिकारीला जाऊ. खोकला माझ्या लक्षातसुद्धा आला नव्हता. दुसऱ्यांदा खेळलो तेव्हा त्या कुंपणापर्यंत घोडा नेला आणि उतरेना मी. दहा मिनिटं शेताभोवती घोडा फिरवत बसलो. माहितीये ही मिशन टाळता येत नाही, केल्याशिवाय गोष्ट पुढं सरकतच नाही, तरी फिरवत बसलो. बटण मलाच दाबायचं होतं ना. सिनेमात निदान नट मारतो, इथं मी मारलं, आणि काय होणार हे माहीत असताना मारलं. आता सांगा, पहिल्या खेपेला हे कुठून मिळालं असतं? मजा हा शब्द लागू होतो का तेवढं मात्र मला सांगता येणार नाही.

हॉटगीरोड:
अरे मी अजून चौथ्या चॅप्टरमध्ये आहे ना 😭 अंगठा थांबला नाही वाचून गेलो सगळं

कडकभाकरी:
@हॉटगीरोड वर लिहिलं होतं की सोडा म्हणून. आता तू गुपचूप पहिल्याच खेपेला दुसरी खेप खेळ.

मास्तर_अक्कलकोटरोड:
हॉटगीरोड यांनी वाईट वाटून घेऊ नये. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी लोकांना लघुकथा वाचायला देऊन एक प्रयोग केला होता, काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. ज्यांना शेवट माहीत होता त्यांनाच कथा जरा जास्त आवडल्या असं निघालं, अगदी रहस्यकथासुद्धा. म्हणजे माहीत असण्याने मजा जातेच असं नाही.

पार्कचौकवाला:
सर, लघुकथा वीस मिनिटांत वाचून होते. माझा गेम साठ तासांचा आहे आणि वर मला काम करावं लागतं त्यात, घोड्याला खरारा, बंदूक साफ, आर्थरची दाढी. शिवाय शेवट माहीत असून पहिल्यांदा वाचणं वेगळं आणि तीच कथा परत वाचणं वेगळं. प्रयोग चांगला असेल, पण प्रश्न माझा नाही तो.

बावीस_मिनिटं:
मी पार्कचौकवाल्याच्या बाजूनं, आणि माझ्याकडं असं उदाहरण आहे की त्यावर कुणी बोलूच शकणार नाही. आउटर वाइल्ड्स, २०१९. छोटीशी सूर्यमाला, तुमचं लाकडी यान, आणि दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि तुम्ही परत शेकोटीपाशी जागे होता. या गेममध्ये लेव्हल नाही, नवीन हत्यार नाही, कुलूप उघडणारी किल्ली नाही. पहिल्या मिनिटापासून सगळं उघडं आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही. जे काय कमवता ते डोक्यात. म्हणजे संपल्यावर परत सुरू केला तर थेट शेवटाकडं जाता येतं, एका फेरीत खेळ खलास. मी घेतला सेलमध्ये, पंधरा दिवस ऑफिसच्या वहीत ग्रहांची चित्रं काढत होतो, शेजारच्या टेबलावरच्या ताई विचारायच्या पत्रिका शिकताय का म्हणून. आज तो गेम माझ्याकडं आहे, पण मी तो खेळू शकत नाही. उघडला तर स्वतःच्याच घरात पाहुणा आल्यासारखं होतं. कुणाकडं विसरायचं औषध असेल तर सांगा, पैसे देतो.

म्हणून आता मी काय करतो, मित्राला तो गेम देतो आणि त्याच्या मागं बसून बघतो, तोंड दाबून. तो चुकीच्या ग्रहावर गेला की आतल्या आत गुदगुल्या.

शेतावरची:
सगळे मारामारी आणि मरण यावरच बोलताय. मी स्टारड्यू व्हॅली, तो शेतीचा गेम, चौथ्यांदा सुरू केलाय. माझा दिवस कसा जातो तर, सकाळी नळाला पाणी आलंय का बघा, डबे, शाळा, सासूबाईंच्या गोळ्या, बँकेत काउंटर. रात्री अकराला अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात मला धक्के, ट्विस्ट, रहस्य काही नको असतं. मला हवं असतं की वसंतात १३ तारखेला अंड्यांचा सण येणार म्हणजे येणार, भोपळा शरदातच लावायचा, आणि पाऊस पडला की झाडांना पाणी घालायची सुट्टी. माहीत आहे म्हणूनच तर जाते.

आणि पार्कचौकवाले दादा, तुम्ही दर जानेवारीला गड्ड्यावर, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, जाता का नाही? तेच होम मैदान, तेच पाळणे, तीच भजी. नंदीध्वजाची मिरवणूक दरवर्षी त्याच वाटेनं जाते, अक्षता सोहळा संमती कट्ट्यापाशीच होतो. मागच्या वर्षी बघितला, आता काय बघायचं, असं एक तरी सोलापूरकर म्हणतो का?

पार्कचौकवाला:
ताई, गड्ड्याचं काढून तुम्ही मला कोपऱ्यात घेतलंत. जातो, दरवर्षी. पण गड्डा वर्षातून एकदाच येतो आणि माणसं बदललेली असतात, पोरगं मागच्या वर्षी खांद्यावर होतं ते यंदा पाळण्यात एकटं बसलं. गेममध्ये मात्र सगळे तिथंच, त्याच वाक्यावर थांबलेले. मला तेच खुपतं. मी ३४ चा झालो आणि तो कॅम्पातला म्हातारा तीच गोष्ट त्याच आवाजात सांगतोय.

जुळेसोलापूर२१:
मग तसले गेम खेळा ना जे तुम्हाला ओळखतात. अंडरटेल, २०१५ चा. पहिल्या खेपेला सगळ्यांना मारून टाकलंत तर पुढच्या खेपेला कितीही शहाण्यासारखं वागा, तो गेम विसरत नाही, चांगला शेवटसुद्धा नासवून ठेवतो. निअर ऑटोमॅटा संपला वाटतो तेव्हा खरा पाव-अर्धाच झालेला असतो, दुसऱ्या खेपेला तीच गोष्ट दुसऱ्या पात्राच्या डोळ्यांनी. परत खेळणं हाच त्यांचा खेळ आहे.

पार्कचौकवाला:
ते परत खेळणं नाही रे, ते पुढचं पान आहे, फक्त पहिल्यासारखं दिसणारं. परत बंद पूलच.

ईएमआयवाला:
तुम्हाला पहिल्यांदा खेळायलाच वेळ कसा मिळतो ते सांगा आधी. सेलमध्ये घेतलेले ४० गेम तसेच पडलेत, आणि रविवारी वेळ मिळाला की मी परत गाड्यांच्या शर्यतीचा एनएफएस मोस्ट वॉन्टेडच लावतो. नवीन गेम शिकायचं त्राण नसतं, ती बीएमडब्ल्यू मात्र हात स्वतःहून चालवतो.

शेतावरची:
@ईएमआयवाला अगदी.

खोकला_ऐकू_आला:
@पार्कचौकवाला त्या म्हाताऱ्याची गोष्ट तू पहिल्या खेपेला पूर्ण ऐकली होतीस का? खरं सांग. मी तर दर वेळी बटण दाबून पुढं जायचो.

पार्कचौकवाला:
(तीन दिवसांनी) नव्हती ऐकली. काल रात्री कॅम्पात बसून ऐकली, गेम ठेवून भाकरी आणायला गेलो होतो तर येईस्तोवर तो बोलतच होता, म्हणून बसलो. बरी होती. पहिल्यासारखं झालं असं अजिबात म्हणणार नाही, मत तेच आहे. बर्फातून मात्र बाहेर पडलोय. डाउन्सच्या शेतापर्यंत पोचलो नाही अजून, मुद्दाम मासे पकडत बसलोय.

तोपर्यंत पोरगं मागं लागलं म्हणून त्याला व्हाइस सिटी दाखवायला लावला. एकच भानगड, डिमॉलिशन मॅन. ती रिमोटच्या हेलिकॉप्टरची मिशन, चार बॉम्ब ठेवायचे ती. हेलिकॉप्टर नमपॅडवर, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर चालतं आणि माझ्या लॅपटॉपला नमपॅडच नाही. कुणाकडं जुना मोठा कीबोर्ड पडून आहे का?

नवीपेठ_कॅफे:
आहे. कॅफे बंद झाला तेव्हा मालकाकडून ५० रुपयांना घेतला होता, डब्ल्यूचं अक्षर पुसलंय. संध्याकाळी सात रस्त्याला ये. आणि चौथा बॉम्ब माझ्यासाठी ठेव, मला अजून एकदापण जमलेला नाही.