मिजेटला एवढ्यात मोडीत काढू नका
मिजेट म्हणजे खास शर्यतीसाठी बनवलेली छोटीशी गाडी. पन्नासच्या दशकात अमेरिकेतल्या गावोगावच्या ट्रॅकवर स्टॉक कार, म्हणजे शर्यतीसाठी फेरफार केलेल्या रस्त्यावरच्या साध्या गाड्या, आल्या आणि मिजेटचे दिवस भरले, असं म्हणतात. खरंय, पण कारण मुख्यतः पैशाचं. ऑफेनहाउजर या खास शर्यतीच्या इंजिनाची मिजेट साध्या मेकॅनिकला परवडायची नाही. उलट भंगारातली जुनी फोर्ड आणायची, काचा काढायच्या, दारं वेल्डिंग करून बंद करायची, की गाडी शर्यतीला तयार!
पण मिजेटची चपळाई काही औरच. स्टार्टर नाही, मागून ढकलून सुरू करायची. तरी १९५९ मध्ये अमेरिकेतल्या लाइम रॉक ट्रॅकवर रॉजर वॉर्ड या रेसरने असल्याच गाडीने महागड्या स्पोर्ट्स कारना हरवलं. आणि १९५३, १९५४ ला इंडियानापोलिसची ५०० मैलांची प्रसिद्ध शर्यत जिंकणारा बिल वुकोविच? तोही मिजेटमध्येच घडलेला. मिजेटचा विषय निघाला की त्याचं नाव यायलाच हवं.