मदत हवी आहे: एक्स-प्लेन उत्तरच देत नाही
पायथन नुकतंच शिकतोय. एक्स-प्लेन १२ (विमान उडवण्याचा सिम्युलेटर) मधली विमानाची उंची यूडीपीवरून (नेटवर्कवर पॅकेट पाठवायची एक पद्धत) वाचायची आहे. सिम्युलेटर आणि कोड एकाच विंडोज लॅपटॉपवर, पोर्ट ४९०००. 'आरआरईएफ' विनंती (अमुक आकडा मला पाठवत राहा, असं सिम्युलेटरला सांगणारी) पाठवतो. एरर नाही, उत्तरही नाही. पाठवायला-ऐकायला सॉकेट एकच. फायरवॉल बंद करून पाहिली. सिम्युलेटर 'डेटा आउटपुट' सोयीतून स्वतःहून पाठवतो ते आकडे पोर्ट ४९००५ वर मात्र व्यवस्थित मिळतात, म्हणजे गडबड माझ्या पॅकेटमध्येच असावी.

पॅकेट पायथनच्या स्ट्रक्ट-पॅकने (मूल्यांचे बाइट बनवणारं फंक्शन) बनवतो: ५ बाइटचं शीर्षक, ४-४ बाइटचे दोन पूर्णांक, मग ४०० बाइटचं डेटारेफचं (सिम्युलेटरमधला हवा तो आकडा, इथे उंची) नाव. बेरीज ४१३. पण लांबी छापली तर ४१६! तीनदा मोजलं, बोटांवरसुद्धा.

तयार लायब्ररी नको, आतलं समजून घ्यायचंय. हे जास्तीचे ३ बाइट कुठून येतात, आणि ते काढायचे कसे?