अकाउंट्सची नोकरी, घर, पोरगी... यात पायथन शिकायला वेळ कुठून काढू?

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. वय ३५, बीकॉम, अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्स बघते. पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) शिकायचंय, आयटीत उडी मारायला नाही, रोजचं एक्सेल डोक्यात जातंय म्हणून. दोनदा सुरू केलं आणि दोन्ही वेळा फॉर लूपपाशी (तेच काम यादीतल्या प्रत्येकावर करून घेणं) येऊन थांबलं.

दिवस सांगते. साडेपाचला उठते, तीन डबे, सातला मुलीची रिक्षा, मग डोंबिवलीहून लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो. घरात पाय पडतो तेव्हा साडेआठ झालेले असतात. जेवणं, ओटा, तिसरीतल्या मुलीचा गृहपाठ, की वाजले दहा. नवरा मदत करतो (खरंच करतो) पण त्याचीही शिफ्ट असते. रविवार आठवड्याच्या भाज्या निवडण्यात आणि सासूबाईंच्या दवाखान्यात जातो. फ्रिजवर टाइमटेबल चिकटवलं होतं, सोम-बुध-शुक्र रात्री १० ते ११. पहिला आठवडा मस्त, दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातून यायलाच साडेदहा, आणि एकदा चुकलं की मग तो कागद बघायचीच लाज वाटते. कुणी असं नोकरी-घर सांभाळून शिकलंय का? तुमचं वेळापत्रक सांगा ना प्लीज.

कोडर_पोरगा

ताई सोपं आहे, पहाटे ४ ला उठायचं, ३ तास कोडिंग, रोज म्हणजे रोज. पायथन, मग डीएसए, मग वेब, ६ महिन्यांत फुल स्टॅक. मी कॉलेजला असताना असंच केलं.

खडकवासला

@कोडर_पोरगा आणि तेव्हा तुझा डबा कोण करत होतं भाऊ?

ताळेबंद

डोंबिवलीकरीण, मी तुमच्याच लाइनमधली, आता पुण्यात एमआयएस (ऑफिसचे रिपोर्ट) बघते. तुमचं टाइमटेबल का फसलं ते तुमच्याच पोस्टमध्ये आहे, दुसऱ्या आठवड्यात उशीर झाला म्हणताय, तो आठवडा कुठला होता आठवा. आपल्या कामाला सोमवार-मंगळवार नसतो हो, आपल्याला तारखा असतात. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ ला २बी (व्हेंडरांनी दाखवलेल्या बिलांची यादी) येतं आणि तिथून २० पर्यंत ३बी (महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न) साठी आपल्या बिलांशी मॅचिंगची मारामारी. आठवड्याचं टाइमटेबल लावलं तर ते दर महिन्याला याच दिवसांत मोडणार आणि तुम्हाला वाटणार की मीच आळशी.

मी महिन्याचं लावलं. २१ ते महिनाअखेर शिकायचं, त्यात पगाराचे दोन दिवस सोडून द्यायचे. या आठ-नऊ दिवसांत रोज पाऊण तास, नवीन जे काय शिकायचं ते तेव्हाच. ७ ते २० नवीन काही नाही, लॅपटॉप उघडायचाही नाही. सप्टेंबर ऑडिटचा, तो महिना आधीच फुली मारून ठेवायचा.

कोर्स पण म्हणून असा घ्या की ज्याला तारखेचं बंधन नाही. एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) छान आहेत, आयआयटी रोपडचा जॉय ऑफ कॉम्प्युटिंग मी केला, पण १२ आठवडे दर आठवड्याला असाइनमेंटची डेडलाइन असते आणि ती नेमकी १९-२० तारखेला आली की रडू येतं. हार्वर्डचा पायथनचा कोर्स सीएस५०पी फुकट आहे, तुमच्या गतीने करता येतो. इंग्रजीने दमायला होत असेल तर आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल बघा, साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ असतात, बरेच मराठीतही आहेत.

आणि फॉर लूपला अडकता कारण पुस्तकातली उदाहरणं सगळी १ ते १० प्रिंट करा टाइपची, त्यात जीव कसा लागणार. तुमच्या व्हेंडर मास्टरमधला (माल देणाऱ्यांची यादी) फक्त जीएसटीआयएनचा, म्हणजे जीएसटी नंबरचा, कॉलम घ्या. १५ अक्षरं, पहिले दोन आकडे राज्याचा कोड (आपला २७), पुढचे १० पॅन. यादीतल्या प्रत्येकाची लांबी १५ आहे का ते तपासायचं आणि नसेल तर छापायचं. चार-पाच ओळींचा प्रोग्राम आहे, त्यात लूप, इफ (अट), स्ट्रिंग (मजकूर) सगळं येतं.

डोंबिवलीकरीण

अगं बाई, खरंच की, दोन्ही वेळा ३बीच्याच आठवड्यात बंद पडलं होतं! पण मधले दोन आठवडे हात नाही लावला तर सगळं विसरणार ना?

ताळेबंद

विसरतं, खोटं कशाला बोलू. म्हणून बंद दिवसांत मी फक्त जुना चाललेला प्रोग्राम वहीत न बघता लिहून काढायचे, दहा मिनिटं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. वहीवर अजून वरणाचे डाग आहेत.

कल्याण_रिटर्न

लोकलचा तास कुणी धरलाच नाही. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये मोबाईल खिशातून निघत नाही हे मान्य, पण मी कल्याणला रिटर्न जाऊन बसून येतो, पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात पण सीट मिळते. मोबाईलवर पायड्रॉइड (पायथन चालवायचं अ‍ॅप) टाकलंय, छोटं काही त्यात चालवून बघता येतं. मोठा कोड टाईप करायला जाऊ नका, कंस शोधताना ठाणे निघून जातं. माझी पद्धत अशी की रात्री जी एरर आली तिचा स्क्रीनशॉट काढायचा आणि सकाळी गाडीत बसून नुसता बघायचा. निम्म्या वेळा मुलुंडपर्यंत चूक सापडते. लेडीज डब्यातली परिस्थिती मला माहीत नाही, तिथे म्हणे चौथ्या सीटवरूनही भांडणं होतात.

कोडर_पोरगा

बरं बरं, माझं चुकलं 😅 कामाचं सांगतो. ऑफिसच्या मशीनवर इन्स्टॉल करायला परमिशन नसते, तर गुगल कोलॅबवर पायथन ब्राउझरमध्येच चालतं. पण ताई कंपनीचा डेटा तिथे चढवू नका, खोटी दहा बिलं बनवून प्रॅक्टिस करा. पुढे पांडाजवर (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) गेलात की एक लक्षात ठेवा, ००४५ असा नुसत्या आकड्यांचा बिल नंबर तो संख्या समजून ४५ करून टाकतो आणि मग मॅचिंगच होत नाही. फाईल वाचतानाच डीटाइप (कॉलमचा प्रकार) स्ट्रिंग द्यायचा. आणि २बीच्या एक्सेलमध्ये वर मर्ज केलेली हेडिंगं असतात, त्या ओळी स्किप करायच्या. यात माझा एक अख्खा शनिवार गेलाय, एका काकांना मदत करताना.

खडकवासला

हे आधीच बोलला असतास तर.

डोंबिवलीकरीण

सव्वा महिन्याने परत आले. फ्रिजवरचा कागद काढला, आता कॅलेंडरवरच २१ पासून हिरव्या पेनाने रेघ मारलीय. ठरल्यातले नऊ नाही, सहाच दिवस झाले, दोन दिवस मुलीला ताप होता आणि एक दिवस नुसती झोपले. पण तो जीएसटीआयएनवाला प्रोग्राम झाला! घरच्या लॅपटॉपवर, फक्त तो एक कॉलम घेऊन, २११ व्हेंडर. पहिल्यांदा चालवला तर सगळेच्या सगळे चूक दाखवले, मी १५ च्या जागी ५१ टाईप केलं होतं. मग एकच नंबर छापून आला, लांबी १६. डोळ्याने बघितलं तर अगदी बरोबर, शेवटी मागे स्पेस चिकटलेली. आणि हा तोच व्हेंडर ज्याचं व्हीलुकअप (एक्सेलचं शोधायचं सूत्र) दर महिन्याला एनए, म्हणजे सापडलं नाही, दाखवायचं आणि मी गेलं वर्षभर हाताने भरत होते!! रात्री सव्वाअकराला एकटीच हसत बसले, नवरा उठून बघायला आला काय झालं म्हणून.

आता स्ट्रिप (कडेच्या स्पेस काढणं) शिकले. ताळेबंद, दोन यादींचं मॅचिंग करायला आधी डिक्शनरी (नंबरावरून नोंद शोधता येते ती पायथनची यादी) शिकू की थेट पांडाज?

ताळेबंद

डिक्शनरी. पण आज तारीख १२ आहे, लॅपटॉप बंद करा.