खिशातलं ड्रग हँडबुक ओपीडीत कसं वापरायचं? (सुरगाणा, पीएचसी)

नवा_एमओ_सुरगाणा: सुरगाणा तालुक्यात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू होतोय. रेंजचा भरवसा नाही, म्हणून अ‍ॅपऐवजी खिशात मावणारं अमेरिकन हँडबुक घेतलंय, २०१० ची आवृत्ती. पुरेल का? घाईत बघताना चुका कुठे होतात?

निफाड_फिजिशियन: चालेल, पण अमेरिकन नावं वेगळी, म्हणून अल्ब्युटेरॉलसमोर सॅलब्युटामॉल, अ‍ॅसिटामिनोफेनसमोर पॅरासिटामॉल असं इंडेक्समध्ये आधीच लिहून ठेवा. आपले ब्रँड त्यात मिळणार नाहीत. विंचूदंशाचं प्राझोसिनही रक्तदाबाच्या औषधांतच सापडेल; मागच्या कोऱ्या पानावर ‘मुलांना ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो’ एवढं लिहा.

चूक होते ती आकडा आधी आणि आजार नंतर वाचल्यामुळे. अ‍ॅट्रोपीनच घ्या. नाडी मंदावली असेल तर एकूण ३ मिग्रॅ ही मर्यादा. तीच ओळ द्राक्षबागेत फवारणी करताना ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाची बाधा झालेल्याला लावली तर तो हातचा जाईल. तिथे सुरुवातच १.८ ते ३ मिग्रॅ शिरेतून, आणि छाती कोरडी होईपर्यंत (फुफ्फुसातला स्राव थांबेपर्यंत) दर ५ मिनिटांनी दुप्पट. आपलं अँप्युल ०.६ मिग्रॅचं, म्हणजे ३, मग ६, मग १२: दहा मिनिटांत २१ अँप्युल. कपाटात दहाच असतील तर पुस्तक बरोबर असूनही उपयोग नाही. साठा आजच मोजा. आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत डोस वाढवू नका, छाती ऐका.

बालरोग_नाशिकरोड: मुलांच्या डोसमध्ये ‘प्रति डोस’ की ‘प्रति दिवस’ याखाली लाल रेघ मारा. पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ/किलो प्रति डोस. अमॉक्सिसिलीन ४० मिग्रॅ/किलो प्रति दिवस, तीन भागांत. दुसरं पहिल्यासारखं वाचलंत तर तिप्पट जातं.

त्यात आपल्याकडे पॅरासिटामॉलच्या बाटल्या तीन ताकदीच्या. १० किलोच्या बाळाला १५० मिग्रॅ म्हणजे १२५/५ (५ मिलीत १२५ मिग्रॅ) सिरपचे ६ मिली, २५०/५ चे ३ मिली, १०० मिग्रॅ/मिली ड्रॉप्सचे फक्त दीड मिली. चिठ्ठीवर नुसतं ‘५ मिली’ लिहू नका. ताकद लिहा, आणि आईला सिरिंजवर खूण करून दाखवा. चमचा घरोघरी वेगळा.

नवा_एमओ_सुरगाणा: धन्यवाद सर, मॅडम. किडनीच्या कामानुसार डोस ठरवायचा तक्ता वापरायचा तर आमच्याकडे फक्त रक्तातलं क्रिएटिनिन तपासून होतं.

निफाड_फिजिशियन: पुरतं की. त्यावरून क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते त्याचा अंदाज) काढा: (१४० − वय) × वजन, भागिले (७२ × क्रिएटिनिन). बाई असेल तर गुणिले ०.८५. सत्तरीच्या आजी, ४५ किलो, क्रिएटिनिन १.२. रिपोर्टवरचा १.२ बघून कुणी थांबणार नाही, पण क्लिअरन्स येतो ३१. लिव्होफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) ७५० मिग्रॅ रोज लिहिणार असाल तर आता ते दिवसाआड. वजन मात्र काट्यावर घ्या, अंदाजाने नको.

बालरोग_नाशिकरोड: आवृत्तीचं राहिलंच. जुन्या पुस्तकातले डोस बहुतेक टिकतात, बंधनं बदलतात. तापा-दुखण्याचं निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना २०११ पासून बंद. क्लोरफेनिरामाइन-फेनिलएफ्रिनचं सर्दीचं मिश्रण ४ वर्षांखाली नको, हा आदेश २०२३ चा. तुमच्या पुस्तकात यातलं काहीच नसणार. दोन्ही पहिल्या पानावर लिहून टाका.