सुऱ्यांना धार लावायला शिकण्यासाठी पहिला पाण्याचा दगड कोणता घ्यावा? (पुणे)

नमस्कार.

घरातील सुऱ्यांना स्वतः धार लावायला शिकण्याचा विचार आहे आणि त्यासाठी तेलाऐवजी पाणी घालून वापरायचा दगड, ज्याला बाजारात वॉटरस्टोन म्हणतात, तो घ्यायचा आहे. निवड मात्र होत नाही. असे दगड काही वर्षे वापरलेल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आधी घरात काय आहे ते सांगतो, कारण उत्तर बहुधा त्यावरच अवलंबून असेल. रोजच्या वापरात जर्मन घडणीची, २० सेंटिमीटर पात्याची एक स्टेनलेस सुरी आहे. तिच्या पात्यावर एक्स-५०-सीआरएमओव्ही-१५ असे पोलादाचे नाव कोरलेले आहे. तुळशीबागेतून वेळोवेळी घेतलेल्या काही साध्या, पातळ पात्याच्या सुऱ्या आहेत आणि त्यांच्यावर दुकानदाराने चिकटवलेल्या किमतीखेरीज काहीही लिहिलेले नव्हते. भावाने जपानहून आणलेली व्हीजी-१० पोलादाची एक सांतोकू सुरी आहे, जी अजून उत्तम कापते. शिवाय आईची विळी आहे. ती बिघडली तर घरात काय होईल हे सांगायला नको, म्हणून तिचा विषय शेवटी ठेवला आहे.

आमच्याकडे कोथरूडला चाक घेऊन फिरणारे धारवाले आता क्वचितच येतात. आले तरी कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत लावलेली ती धार फार दिवस टिकत नाही आणि पाते दर खेपेला डोळ्यांना दिसेल इतके झिजते. फटीतून सुरी ओढायचे उपकरणही घरात आहे, परंतु त्याने धार खरवडल्यासारखी होते आणि टोमॅटोच्या सालीवर ती अडखळते.

दगडांविषयी वाचून जे समजले ते असे. ऑनलाइन सर्वांत जास्त दिसतो तो एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ६००० ग्रिट (आकडा जितका मोठा, तितके दगडाचे कण बारीक) असलेला दुहेरी दगड. त्याबरोबर बांबूची बैठक आणि सुरीच्या पाठीला लावायची प्लॅस्टिकची चिमटी मिळते, पण बनवणाऱ्याचे नाव बहुतेक वेळा नसते. किंग या जपानी कंपनीचाही १०००/६००० दगड आहे. शॅप्टन कुरोमाकूचा केवळ १००० ग्रिटचा नारिंगी दगड पुष्कळ लोक सुचवतात. आणि आपल्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत सुतार वापरतात तो कार्बोरंडमचा दुहेरी दगड यांपैकी कशाच्याही तुलनेत अगदी स्वस्त मिळतो.

माझा कल १०००/६००० घेण्याकडे आहे, कारण एका दगडात धार काढणे आणि ती गुळगुळीत करणे अशी दोन्ही कामे होतील असे वाटते. हा विचार बरोबर आहे का? दगड भिजवून ठेवावा लागणारा घ्यावा की वरून पाणी शिंपडले की चालणारा? दगड मधोमध झिजून खोलगट होतो असे वाचले. तो सपाट करण्यासाठी निराळी हिऱ्याची पट्टी घ्यावीच लागते का? खर्चाची मर्यादा सर्व मिळून साडेतीन हजार रुपये धरली आहे.

प्रतिसाद

आपण पात्यांची माहिती दिलीत हे फार बरे केले. एरवी असे प्रश्न दगडाच्या नावापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात.

माझे मत थोडक्यात असे की, आपल्या घरातील सुऱ्यांसाठी ६००० ची बाजू जवळजवळ निरुपयोगी आहे आणि आपल्याला तिच्याऐवजी खालच्या, म्हणजे ४०० च्या आसपासच्या जाड्या बाजूची गरज आहे. जर्मन सुरीच्या पोलादात सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असते. त्याची कठिणता रॉकवेल मापावर साधारण ५५ ते ५७ भरते. इतक्या मऊ पोलादाची धार ६००० वर घासून आरशासारखी केली, तर ती कागद सुरेख कापते आणि टोमॅटोवरून घसरते, कारण सालीत शिरण्यासाठी धारेला जो बारीक खरखरीतपणा लागतो तोच आपण पुसून टाकलेला असतो. तुळशीबागेतल्या सुऱ्यांना तर हे अधिकच लागू होते. १००० वर नीट काढलेली आणि नंतर वर्तमानपत्राच्या घडीवर दोन्ही बाजूंनी ओढलेली धार भाजी चिरण्यासाठी पुरेशी असते, किंबहुना अधिक सोयीची असते.

आता जाड्या बाजूविषयी. धारवाल्याच्या चाकाने आणि त्या फटीच्या उपकरणाने बिघडलेल्या पात्याची धार नुसती बोथट नसते, तिचा कोनही बदललेला असतो. तो उतार पुन्हा घडवण्यासाठी बराच धातू काढावा लागतो. १००० चा दगड हे काम करतो, पण इतका हळू, की नवशिक्या माणूस बर येण्याआधीच कंटाळून बाजू पालटतो आणि मग ‘मला हे जमत नाही’ असे ठरवून मोकळा होतो. बर म्हणजे एका बाजूने घासल्यावर दुसऱ्या बाजूला वळून येणारी धातूची बारीक कड; पाठीकडून धारेच्या बाहेर अंगठा सरकवला की ती लागते. (धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये.) टाचेपासून टोकापर्यंत ही कड सलग लागल्याशिवाय बाजू पालटायची नाही, हा एकच नियम पाळला तरी अर्ध्याहून अधिक शिक्षण होते. जाड्या दगडावर ती लवकर लागते आणि आपण काय शोधतो आहोत हे हाताला कळते.

म्हणून ४००/१००० असा दुहेरी दगड घ्यावा, आणि तो नाव असलेल्या उत्पादकाचा घ्यावा. निनावी दगडांवरील आकड्यांवर फारसा विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. जपानी मापात १००० म्हणजे सरासरी साडेअकरा मायक्रॉनचे कण, ४०० म्हणजे सुमारे ३० आणि ६००० म्हणजे सुमारे २ मायक्रॉन. परंतु हे माप पाळले आहे की नाही, हे निनावी दगडाच्या बाबतीत वापरल्याखेरीज समजत नाही.

बोहरी आळीतला दगड वाईट नाही, पण तो निराळ्या स्वभावाचा आहे. त्यातील कण घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे तो फारसा झिजत नाही. मात्र कणांची टोके बोथट झाली आणि फटींत धातूचा भुगा बसला की तो नुसता घसरू लागतो. पाण्याच्या दगडाची बांधणी सैल असते, जुने कण सुटून नवे वर येतात आणि त्यांचा जो गाळ होतो तोच काम करतो. लवकर खोलगट होणे ही त्याचीच किंमत आहे. विळीसाठी आणि कोयत्यासाठी बोहरी आळीतला दगड मी आनंदाने वापरतो. फक्त त्याला एकदा तेल लावले की पुढे पाणी चालत नाही, तेव्हा पहिल्या दिवशीच काय ते ठरवावे.

दुसरा प्रतिसाद

वरील बहुतेक गोष्टी मान्य आहेत, परंतु नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी ४०० ग्रिट देण्यास माझा विरोध आहे. हात स्थिर नसताना जाड्या दगडावर झालेली चूक खोल असते: टोक गोल होते, टाचेपाशी खळगा पडतो, आणि तो काढण्यासाठी संपूर्ण पाते मागे न्यावे लागते. १००० चा एकच दगड घ्यावा, एखाद्या स्वस्त सुरीवर हात बसवावा आणि मग गरज वाटली तर जाडा दगड आणावा. माझ्याकडे शॅप्टनचा १००० आहे. तो भिजवावा लागत नाही. दोन थेंब पाणी टाकले की काम सुरू होते, आणि रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर घाईत धार लावणाऱ्या माणसाला ही सोय मोठी आहे. तो पाण्यात बुडवून ठेवू नये, तसे केल्याने तो मऊ पडतो आणि भेगा जाण्याची शक्यता असते. किंगचा दगड मात्र बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे पाच-दहा मिनिटे, भिजवावाच लागतो. तो मऊ आहे, भरपूर गाळ देतो आणि हाताला छान वाटतो, पण लवकर झिजतो.

कोणताही दगड घेतलात तरी पावसाळ्यात तो ओला असताना डब्यात बंद करू नका. बुरशी धरतो. उन्हातही वाळवू नये. सावलीत, वारा लागेल असा उभा ठेवावा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ६००० चा विचार सोडला आहे. ४०० विषयी आपणा दोघांत मतभेद दिसतो, तेव्हा तो कशावर अवलंबून आहे हे समजून घ्यायला आवडेल. शिवाय दोन शंका राहिल्या: सुरी किती अंशांत धरायची हे डोळ्यांनी कसे ओळखायचे, आणि सपाटीकरणाचे काय? जपानी सुरीला हे सगळे कधी लागू करावे, तेही सांगावे.

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

मतभेद खरे तर सुरीच्या स्थितीवर अवलंबून आहे. पाते नवे असेल किंवा त्याची धार केवळ थकलेली असेल, तर १००० पुरेसा आहे आणि वरील सूचना योग्यच आहे. पाते चाकावर गेलेले असेल, तर ४०० लागतोच. आपल्या वर्णनावरून आपली जर्मन सुरी दुसऱ्या प्रकारातली वाटते. टोक गोल होण्याची भीती मात्र अस्थानी नाही, म्हणून ४०० ची बाजू आधी तुळशीबागेतल्या सुरीवर वापरावी. तिचे फारसे नुकसान होण्यासारखे काही नाही.

कोन मोजण्यासाठी ती प्लॅस्टिकची चिमटी घेऊ नये. ती दगडावर घासते, आणि पात्याची रुंदी बदलली की तिने दिलेला कोनही बदलतो. पट्टी घेऊन हिशेब करणे सोपे आहे. पाते ४० मिलिमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून १४ मिलिमीटर वर धरल्यास सुमारे २० अंश होतात आणि १० मिलिमीटर वर धरल्यास सुमारे १५ अंश. २० मिलिमीटर रुंदीच्या छोट्या सुरीसाठी हीच मापे ७ आणि ५ होतात. जर्मन आणि साध्या सुऱ्यांना दर बाजूला १८ ते २० अंश ठेवावेत, सांतोकूला १५ च्या आसपास. त्याहून उपयोगी युक्ती म्हणजे धारेच्या उतारावर मार्कर पेनाने शाई लावणे. दोन-चार वेळा हलके घासून पाहावे: शाई फक्त वरच्या भागातून गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेच्या कडेवरून गेली तर पाठ फार वर आहे, आणि संपूर्ण उतारावरून गेली तर कोन जुळला. टोकाकडे जाताना मूठ किंचित उचलावी लागते, नाहीतर टोक दगडाला लागतच नाही. बहुतेकांची टोके यामुळेच बोथट राहतात.

हिऱ्याची पट्टी उत्तम असते, परंतु आपल्या मर्यादेत ती बसवण्याचा अट्टहास नको. काचेच्या दुकानातून १० किंवा १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचा उरलेला तुकडा कडा घासून घ्यावा आणि रंगकाम करणारे वापरतात तो काळा वॉटर पेपर, २२० नंबरचा, पाण्याने त्यावर चिकटवावा. दगडावर पेन्सिलने चौकटी आखाव्यात आणि त्या पूर्ण जाईपर्यंत दगड कागदावर घासावा. चौकटी मध्यभागी उरल्या, तर तिथे खळगा आहे. ओट्याचा ग्रॅनाइट वापरू नये, त्यावरील चकाकी जाईल आणि आपल्याला घरात उत्तर द्यावे लागेल. हे दर दोन-तीन वापरांनंतर केले तर पाच मिनिटांचे काम आहे. वर्षभर ठेवले तर संध्याकाळ जाते.

याच कागदांविषयी एक सावधगिरी: वॉटर पेपरवरचा १००० आणि जपानी दगडावरचा १००० एक नव्हे. पी या अक्षराने सुरू होणाऱ्या मापातील पी-१००० चे कण सुमारे १८ मायक्रॉनचे असतात, म्हणजे जपानी १००० पेक्षा जाडे. त्याच्या जवळ जाण्यासाठी पी-१५०० ते पी-२००० घ्यावा लागतो. हे लक्षात ठेवले तर दगड येईपर्यंत काचेवर कागद चिकटवून सरावही करता येईल. फक्त कागदावर सुरी नेहमी पाठीच्या दिशेने ओढावी, धारेच्या दिशेने ढकलल्यास कागद कापला जातो.

सांतोकू शेवटी घ्यावी. व्हीजी-१० मध्ये सुमारे एक टक्का कार्बन असतो आणि त्याची कठिणता ६० च्या घरात जाते. त्यामुळे ती धार पुष्कळ टिकवते, पण तिरका जोर आला की तिचे टवके उडतात. तिला ४०० दाखवू नये. १००० वर काढलेली बर अगदी हलक्या हाताने, दोन्ही बाजू आळीपाळीने घासत उतरवावी. या पोलादाची बर चिवट असते. पुढे कधी ३००० चा दगड घ्यावासा वाटला, तर तो या एका सुरीसाठी घ्यावा.

मूळ प्रश्नकर्ता

आता चित्र स्पष्ट झाले. नामांकित कंपनीचा ४००/१००० दगड मागवतो, काच आणि वॉटर पेपर इथेच घेतो. विळीसाठी बोहरी आळीतला दगड पाण्यावर वापरायचा असे ठरवले आहे. तिचे पाते पाटाला पक्के असल्यामुळे ती दगडावर कशी धरायची, एवढेच राहिले.

दुसऱ्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

विळी दगडावर धरायची नाही, दगड विळीवर फिरवायचा. पाट भिंतीला टेकवून त्यावर नेहमीसारखा पाय ठेवावा, पाते मिटणारे असेल तर ते पूर्ण उघडून अडकले आहे याची खात्री करावी, आणि ओला दगड मुठीत धरून पायथ्यापासून टोकाकडे, बोटे धारेच्या मागे राहतील अशा बेताने न्यावा. पाते वळलेले असल्यामुळे सपाट दगडाची कडच त्याला लागते, म्हणून लहान तुकडा अधिक सोयीचा पडतो. खवणीच्या दात्यांना दगड लावू नये. काम झाल्यावर पाते लगेच कोरडे करून त्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवावे, अन्यथा पुण्याच्या जुलै महिन्यात सकाळपर्यंत तांबूस डाग उमटलेले दिसतील. आणि हे सर्व करण्याआधी आईंची परवानगी घ्यावी.